विद्युच्चुंबकशास्त्राचे अध्ययन : क्षेत्रसंकल्पना आणि तिची भाषा

१

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास विद्युच्चुंबकशास्त्र हा विषय दुर्बोध वाटतो, ही तक्रार जुनी आहे. या विषयाकडे तो वळतो त्या वेळी विद्युत् मंडलांचा अभ्यास त्याने बहुधा केलेला असतो. रोध, प्रवाह आणि विद्युत् दाब या राशी त्याच्या चांगल्या परिचयाच्या असतात. प्रवाह तारेतून वाहतो आणि दाब दोन टोकांच्या दरम्यान असतो, हे त्याने गृहीत धरलेले असते. पुढे त्याला सांगण्यात येते की, विद्युत् ऊर्जा वस्तुतः तारेच्या आतून नव्हे, तर तारेभोवतालच्या अवकाशातून वाहते. जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये मांडलेला हा निष्कर्ष त्याच्या आजवरच्या समजुतीस तडा देतो. त्यापाठोपाठ चार समीकरणे येतात आणि समग्र शास्त्र त्यांत सामावलेले आहे, असे त्यास सांगितले जाते. समीकरणे सोडविणे तो शिकतो. परंतु ती कशाविषयी आहेत हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरित राहतो.

ही अडचण विषयाची की विषयाच्या भाषेची, असा प्रश्न येथे संभवतो. इतिहासाचा आधार घेतला असता असे दिसून येते की, या शास्त्रात विषय आणि भाषा यांची घडण एकाच वेळी झाली. त्याच्या प्रत्येक थोर अभ्यासकास आपल्या पूर्वसूरींची भाषा प्रथम कष्टाने शिकावी लागली आणि नंतर ती बदलावी लागली. आजच्या विद्यार्थ्याच्या हाती येते ती तीन वेगवेगळ्या पिढ्यांनी घडविलेली संमिश्र भाषा होय.

२

१८२० मध्ये कोपनहेगन येथे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांना असे आढळले की, प्रवाह वाहत असलेल्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची आपली दिशा बदलते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आंद्रे-मारी अँपिअर यांनी या विषयाच्या गणिती मांडणीस प्रारंभ केला. ती मांडणी न्यूटनच्या परंपरेतील होती : दोन वस्तू, त्यांमधील अंतर आणि दुरून होणारी क्रिया. मधल्या अवकाशास तीत काही कार्य नव्हते.

ही परंपरा मोडली ती गणिताचे शिक्षण न लाभलेल्या मनुष्याने. मायकेल फॅरडे हे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत वाढले. बीजगणिताची भाषा त्यांना कधीही अवगत झाली नाही. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांच्या साहाय्याने त्यांनी विद्युत् प्रवर्तनाचा शोध लावला. चुंबकाभोवती लोहकिसाच्या ज्या रेषा उमटतात त्यांकडे त्यांनी केवळ आकृती म्हणून पाहिले नाही. अवकाशात खरोखर काहीतरी घडत असल्याची ती खूण आहे, असे त्यांनी मानले. 'चुंबकीय क्षेत्र' हा शब्दप्रयोग त्यांच्या लेखनात १८४५ मध्ये येतो.

समीकरणांवाचून विचार करणाऱ्या या संशोधकास शब्दांची निवड फार काळजीपूर्वक करावी लागे. विद्युत् विच्छेदनाच्या प्रयोगांत 'ध्रुव' हा रूढ शब्द त्यांना खटकू लागला. कारण ध्रुव म्हटले की आकर्षण सूचित होते, आणि तेथे तसे आकर्षण असते हेच त्यांना मान्य नव्हते. १८३४ मध्ये त्यांनी केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांचा सल्ला घेतला. अॅनोड आणि कॅथोड ही नावे त्या पत्रव्यवहारातून निश्चित झाली. 'वर जाणारी वाट' आणि 'खाली जाणारी वाट' एवढाच त्यांचा ग्रीक अर्थ. आयन म्हणजे 'जाणारा'. नाव असे असावे की, त्याने कोणताही सिद्धांत आगाऊ गृहीत धरू नये, हे तत्त्व या निवडीच्या मुळाशी होते. परिभाषेच्या इतिहासात हा प्रसंग महत्त्वाचा मानला पाहिजे.

३

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विद्युतविषयक गणिती ग्रंथांकडे वळण्यापूर्वी फॅरडे यांचे प्रायोगिक लेखन समग्र वाचण्याचा निश्चय केला होता, असे ते स्वतःच नमूद करतात. फॅरडे यांच्या बलरेषांवरील त्यांचा पहिला निबंध १८५५-५६ मधील आहे. या संदर्भात १८५७ मध्ये फॅरडे यांनी त्यांना लिहिलेले एक पत्र उल्लेखनीय आहे. गणितज्ञ आपल्या निष्कर्षाप्रत पोहोचल्यावर ते निष्कर्ष सामान्य भाषेतही तितक्याच स्पष्टपणे आणि निश्चितपणे सांगू शकणार नाही काय, असा त्यातील प्रश्नाचा आशय आहे. साठी ओलांडलेल्या संशोधकाने पंचविशीतील गणितज्ञास विचारलेला हा प्रश्न आजही प्रत्येक वर्गात उपस्थित असतो. फक्त तो मोठ्याने विचारला जात नाही.

मॅक्सवेल यांनी १८६१-६२ मध्ये भोवऱ्यांची आणि त्यांमधील लहान चक्रांची एक यांत्रिक प्रतिमा कल्पून विद्युत् व चुंबकत्व यांचे परस्परसंबंध मांडले. 'विस्थापन प्रवाह' ही संज्ञा त्या प्रतिमेच्या संदर्भात जन्मास आली. तेथे माध्यमातील कण खरोखरच आपल्या जागेवरून सरकतात अशी कल्पना होती. १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी ती यंत्ररचना बाजूस ठेवली. परंतु संज्ञा तशीच राहिली. धारित्राच्या दोन पट्टिकांमध्ये निर्वात पोकळी असताना तेथे विस्थापित होते ते काय, असे विद्यार्थी विचारतो. त्याचा प्रश्न रास्त आहे. समीकरणात त्याचे उत्तर सापडत नाही. ही संज्ञा विसर्जित केलेल्या प्रतिमेचा अवशेष आहे, हे इतिहास त्याला सांगू शकतो.

१८६५ च्या निबंधात वीस अज्ञात राशींची वीस समीकरणे होती. १८७३ चा द्विखंडात्मक ग्रंथ त्याहूनही विस्तीर्ण होता. त्यात काही भाग घटकांच्या रूपात, तर काही हॅमिल्टनप्रणीत क्वाटर्नियनांच्या रूपात मांडला होता. १८७९ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मॅक्सवेल निवर्तले. त्यांचा ग्रंथ थोर होता. परंतु तो शिकता येण्याजोगा होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

४

या ग्रंथाचा सर्वांत उल्लेखनीय विद्यार्थी कोणत्याही विद्यापीठात नव्हता. ऑलिव्हर हेविसाइड यांचा जन्म लंडनमध्ये १८५० साली झाला. बालपणीच्या आजाराने त्यांची श्रवणशक्ती मंद झाली होती. सोळाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. पुढे डेन्मार्कला जोडणाऱ्या समुद्री तारेच्या सेवेत त्यांनी काही वर्षे काम केले आणि १८७४ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ती नोकरीही सोडली. मॅक्सवेल यांचा ग्रंथ प्रथम चाळला त्या वेळी शालेय बीजगणित व त्रिकोणमिती यांपलीकडे त्यांचे गणित गेलेले नव्हते. जेवढे समजण्याजोगे होते तेवढे समजण्यास त्यांना कित्येक वर्षे लागली; नंतर ग्रंथ मिटवून त्यांनी स्वतःचा मार्ग धरला.

त्या मार्गाचे फळ म्हणजे आज मॅक्सवेल यांच्या नावाने ओळखली जाणारी चार समीकरणे होत. १८८५ पासून 'इलेक्ट्रिशियन' या साप्ताहिकात हेविसाइड यांनी सदिशांच्या भाषेत ही मांडणी प्रसिद्ध केली. हाइन्रिख हर्ट्झ हेही जर्मनीत स्वतंत्रपणे तशाच मांडणीकडे गेले होते; १८९० मध्ये त्यांनी हेविसाइड यांचा अग्रमान मान्य केला. विद्युच्चुंबकीय तरंगांचे अस्तित्व हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूह येथील तांत्रिक विद्यालयात प्रत्यक्ष सिद्ध केले होते.

हेविसाइड यांचे दुसरे कार्य शब्दांचे आहे. इंडक्टन्स, इंपीडन्स, अॅडमिटन्स, कंडक्टन्स, पर्मिअॅबिलिटी या संज्ञा त्यांनी १८८५ ते १८८८ या काळात रूढ केल्या. त्यांत प्रत्ययांची एक शिस्त होती : वस्तूचा गुण दाखवावयाचा तर एक प्रत्यय, द्रव्याचा गुण दाखवावयाचा तर दुसरा. रेझिस्टन्स तारेचा, रेझिस्टिव्हिटी तांब्याची. आजचा अभियंता या शब्दांवाचून एक वाक्यही बोलू शकत नाही.

तथापि त्या काळी हे लेखन वाचले कोणी? तारेचे प्रवर्तकत्व वाढविल्यास दूरध्वनीचा आवाज अधिक शुद्ध पोहोचेल, असे हेविसाइड यांचे गणित सांगत होते. तारेचा रोध आणि प्रवर्तकत्व यांचे गुणोत्तर हे गळतीची संवाहकता आणि धारणा यांच्या गुणोत्तराइतके असेल, तर संदेश विकृत होत नाही, असा नियम त्यांनी १८८७ मध्ये सांगितला. टपालखात्यातील थोर अधिकारी विल्यम प्रीस यांना स्वप्रवर्तन घातक वाटे. त्याच वर्षी हेविसाइड यांनी आपल्या बंधूसह लिहिलेला एक निबंध प्रीस यांच्या विरोधामुळे अप्रकाशित राहिला. साप्ताहिकाचे संपादक बदलले आणि लेखमालाही थांबली. हेविसाइड यांच्या सांगण्यानुसार, ते लेख वाचण्याचा संभव असलेल्या विद्यार्थ्यांत नव्या संपादकांनी मुद्दाम चौकशी केली होती. त्यांस एकही वाचक आढळला नाही. विद्यार्थ्याची वाट सुगम करणाऱ्या लेखनास एकही विद्यार्थी लाभू नये, हा या इतिहासातील सर्वांत खिन्न करणारा प्रसंग होय. १८९१ मध्ये रॉयल सोसायटीने हेविसाइड यांना सदस्यत्व दिले. १९०० च्या सुमारास अमेरिकेत प्रवर्तक वेटोळी घातलेल्या दूरध्वनी तारा वापरात येऊ लागल्या आणि त्यांचे म्हणणे व्यवहारात खरे ठरले.

५

ही भाषा वर्गात आली ती हळूहळू. येल विद्यापीठात विलर्ड गिब्स यांनी १८८१ ते १८८४ या काळात विद्यार्थ्यांसाठी सदिश विश्लेषणावर एक पुस्तिका खासगी रीत्या छापली. गिब्स यांची १८६३ ची डॉक्टरेट अभियांत्रिकीतीलच होती. क्वाटर्नियनांचे अभिमानी आणि सदिशांचे पुरस्कर्ते यांच्यात पुढे कडाक्याचा वाद झाला. जर्मनीत आउगुस्ट फॉप्पल या अभियंत्याने १८९४ मध्ये मॅक्सवेल यांच्या सिद्धांताचा सदिशांच्या भाषेतील परिचयग्रंथ प्रसिद्ध केला. तरीही झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये १८९६ ते १९०० या काळात शिकणाऱ्या अल्बर्ट आइन्स्टाइन यांना प्राध्यापक वेबर यांच्या व्याख्यानांतून हा सिद्धांत मिळाला नाही. तो त्यांना स्वतः वाचावा लागला.

विद्युत् अभियांत्रिकीचे पहिले अध्यासन डार्मश्टाट येथे १८८२ मध्येच स्थापन झाले होते. मग अभियंत्यांनी क्षेत्रसिद्धांताची इतकी वर्षे उपेक्षा का केली? याचे कारण आळसात नसून तरंगलांबीत आहे. सेकंदास ५० आवर्तने असणाऱ्या प्रवाहाची तरंगलांबी सुमारे ६,००० किलोमीटर भरते. एखादे यंत्र किंवा नगर या लांबीपुढे नगण्य होय. अशा स्थितीत अवकाशाचा विचार सोडून दिला तरी चालते आणि मंडलांची भाषा पुरेशी ठरते. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये संमिश्र संख्यांची पद्धती मांडून ती भाषा आणखी सोपी केली. अभियंत्याला मॅक्सवेल यांच्याकडे जाण्याचे प्रयोजन उरले नाही.

दुसऱ्या महायुद्धात रडारमुळे हे चित्र पालटले. दहा सेंटिमीटर लांबीच्या तरंगांपुढे यंत्राचा प्रत्येक भाग तरंगाएवढाच किंवा त्याहून मोठा होता. पोकळ धातुनळीच्या तरंगमार्गदर्शकात दाब आणि प्रवाह यांना पूर्वीसारखा एकच निश्चित अर्थ राहिला नाही. १९४१ मध्ये स्ट्रॅटन यांचा, १९४३ मध्ये शेल्कुनॉफ यांचा, तर १९४४ मध्ये रॅमो आणि व्हिनरी यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्राउस (१९५३) आणि हेट (१९५८) यांची पाठ्यपुस्तके या मालिकेतील पुढची होत. क्षेत्रसिद्धांत अभियंत्याच्या अभ्यासक्रमात पक्का झाला तो या गरजेतून. मंडलापासून क्षेत्राकडे जाताना विद्यार्थ्याला जो धक्का बसतो, तो त्याच्या व्यवसायासही युद्धकाळात बसला होता.

६

मराठीपुरता विचार केल्यास काही गोष्टी सोयीच्या, तर काही अडचणीच्या दिसतात. 'रोध', 'रोधकता' आणि 'संरोध' या संज्ञांचे नाते मराठीत उघड आहे. इंपीडन्स आणि रेझिस्टन्स यांचे इंग्रजीत तसे दिसत नाही. उलट 'क्षेत्र' या शब्दाने वाचकाच्या मनात सीमा असलेली भूमी उभी राहते. 'शेत' हा शब्द त्याचाच तद्भव. तीर्थक्षेत्र आणि क्षेत्रफळ यांतही हद्द अभिप्रेत आहे. भौतिकशास्त्रातील क्षेत्रास मात्र हद्दीची आवश्यकता नाही. अवकाशातील प्रत्येक बिंदूपाशी एक मूल्य, एवढाच त्याचा अर्थ. हा भेद शिक्षकाने पहिल्याच तासाला स्पष्ट केला पाहिजे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण देण्याचा मार्ग मोकळा केला; त्यामुळे हा प्रश्न आता केवळ कोशकारांचा राहिलेला नाही.

केवळ संज्ञा भाषांतरित केल्याने विषय सुगम होईल, असा मात्र या इतिहासाचा निर्वाळा नाही. फॅरडे यांचे चित्र, मॅक्सवेल यांचे गणित आणि हेविसाइड यांची मांडणी या तीन भाषा आजच्या पाठ्यपुस्तकात एकाच पृष्ठावर एकत्र आल्या आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे विद्यार्थ्यास कोणी सांगत नाही. ते सांगितले गेले, तर निदान आपली अडचण ही आपल्या बुद्धीची उणीव नव्हे, एवढे त्यास कळून येईल. तीच अडचण हेविसाइड यांना कित्येक वर्षे पुरली होती.