वसंतातला बर्फ आणि उतरायची वेळ

स्कीइंग म्हटलं की आपल्याला हिवाळा आठवतो. पण आल्प्सच्या उंच हिमनद्यांवर खरा हंगाम वसंताचा, हे आग्रहानं मांडणाऱ्यांत अर्नॉल्ड लन एक. जन्म १८८८ चा, आपल्या मद्रासचा. १९०९ मध्ये वेल्समधल्या कड्यावरून पडून त्यांचा एक पाय कायमचा आखूड झाला. तरी जून १९१७ मध्ये वाटाड्या जोसेफ क्नूबेलसह त्यांनी स्वित्झर्लंडचं ४,५४५ मीटर उंच डोम शिखर स्कीच्या साहाय्यानं गाठलं.

वसंतात हिमनदीच्या भेगा साचलेल्या बर्फानं बऱ्याच बुजलेल्या असतात. रात्री गोठलेला वरचा थर सकाळच्या उन्हात किंचित मऊ होतो, तेवढ्यात उतरायचं. दुपारी तोच बर्फ कोसळू शकतो. इतिहासात आपण शिखरं मोजतो. उतरायची वेळ कुणी ओळखली, हेही विचारायला हवं, असं आम्हाला वाटतं.