युद्धाच्या वर्षातील एक विद्यार्थिमंडळ

विजापूरचा गोलघुमट आपणा सोलापूरकरांना परका नाही. होटगीवरून दक्षिणेची गाडी धरावी आणि विजापूर जवळ येताच त्याचा भव्य आकार दृष्टीस पडावा, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांचा आहे. परंतु याच घुमटाचे वळण घेतलेला एक घुमट मुंबईस उभा आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणून ओळखले जाणारे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तेच ते ठिकाण. त्याचे वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट हे मुंबई सरकारचे सल्लागार होते. हे विटेटसाहेब एका विद्यार्थिमंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. त्या मंडळाच्या पहिल्या वर्षाकडे आज आपणास वळावयाचे आहे.

मंडळाचे नाव आर्किटेक्चरल स्टूडंट्स असोसिएशन. स्थापनेचा दिवस १२ मे १९१७. स्थापणारे तरुण सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतून वास्तुकलेचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेले. ही कलाशाळा १८५७ सालची. पण वास्तुकलेचा वर्ग तिच्यात १८९६ साली निघाला, आणि तोही नकाशे काढणाऱ्यांचा! मोठ्या वास्तुशिल्प्यांच्या कचेऱ्यांना हुशार साहाय्यक मिळावेत, हाच त्यामागील हेतू. १९१३ साली रॉबर्ट केबल हे पूर्ण वेळेचे प्राध्यापक आले, पुढील वर्षी क्लॉड बॅटली शिकवू लागले, आणि या विद्येस शास्त्रशुद्ध रूप येऊ लागले.

मग हे तरुण संघटित कशासाठी झाले? आपल्या माणसांत बुद्धीची वाण नव्हती. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाचे मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. वैद्यांच्या निधनानंतर ते काम चेंबर्स नावाच्या इंग्रज वास्तुशिल्प्याने तडीस नेले आणि १९०३ साली हॉटेल उघडले. आज ती इमारत पाहणाऱ्या किती जणांच्या ओठी वैद्यांचे नाव येते? इंग्रज वास्तुशिल्प्याच्या पाठीशी १८३४ पासूनची लंडनची संस्था होती. तिची अक्षरे नावापुढे लागली की त्याचा अधिकार सिद्ध होई. हिंदी तरुणाच्या हाती होते ते केवळ सरकारी प्रमाणपत्र.

आता काळ पाहा. महायुद्धाचे तिसरे वर्ष सरत आले होते. कूतची शरणागती आदल्या वर्षी एप्रिलात झालेली. बगदाद इंग्रजी फौजांच्या हाती पडून दोनच महिने लोटलेले. मुंबई बंदरातून सैन्य आणि सामग्री मेसोपोटेमियाकडे जात होती आणि जखमी परत येत होते. विटेटसाहेबांच्या संग्रहालयाची इमारत १९१४ साली पुरी झाली खरी. पण तिच्यात मूर्ती व चित्रे येण्याऐवजी लष्करी रुग्णांच्या खाटा आल्या. लोकांसाठी तिची दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी. अपोलो बंदरावरील गेटवेचा आराखडा १९१४ सालीच मंजूर झाला होता. परंतु युद्धकाळात तेथे समुद्र हटविणे आणि धक्क्याची भिंत बांधणे एवढेच चालू राहिले. साकचीच्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या, कारखान्यातील रूळ मेसोपोटेमियाकडे रवाना होत. पोरबंदर, कटनी आणि लाखेरी येथे देशी सिमेंट नुकतेच निघू लागले होते, तर त्यावर सरकारी नियंत्रण बसले. ज्याचा धंदाच दगड, लोखंड आणि सिमेंट यांच्या बळावर चालावयाचा, त्याने अशा वेळी काय करावे?

या तरुणांनी इमारतीआधी संस्था बांधली. माझ्या मते या हकीकतीचे मर्म येथेच आहे. काम विपुल असते तेव्हा प्रत्येक जण आपापल्या फळीवर वाकलेला असतो. काम आटले म्हणजे एकट्या माणसाचे दुबळेपण उघडे पडते. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनचा जन्मही १८४७ साली अशाच तरुणांच्या असंतोषातून झाला होता. मुंबईच्या मंडळींनी सरकारच्याच सल्लागारास अध्यक्षपदी बसविले, यात कोणास मिंधेपणा वाटेल. मला त्यात व्यवहारचातुर्य दिसते. ज्याच्या शब्दास सचिवालयात वजन, त्याचे छत्र नव्या रोपास हवेच होते. शिवाय हा गृहस्थ विजापूर आणि गुजराथ येथील जुन्या कामांपुढे शिष्यभावाने बसलेला होता.

पहिले वर्ष पुरे होते न होते तोच, जून १९१८ मध्ये, मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ शिरली आणि शरद ऋतूत तिने हाहाकार उडविला. नोव्हेंबरच्या ११ तारखेस युद्ध थांबले. युद्ध आणि साथ या दोहोंतून मंडळ तगले.

त्याच्या नावांचा क्रम मोठा बोलका आहे. स्थापक शाळेबाहेर पडले होते, तरी १९१७ साली त्यांनी स्वतःस विद्यार्थीच म्हणविले. २ ऑगस्ट १९२२ रोजी ‘विद्यार्थी’ हा शब्द गळून ‘बाँबे आर्किटेक्चरल असोसिएशन’ हे नाव आले. २ सप्टेंबर १९२९ रोजी तेच मंडळ ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाले. आधी शाळा, मग शहर, मग देश; आणि हा प्रवास अवघ्या बारा वर्षांत! विटेटसाहेबांनी यातील शेवटची पायरी पाहिली नाही. १९२६ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.

वास्तुशिल्प्याच्या व्यवसायास कायद्याचे संरक्षण मिळण्यास मात्र १९७२ साल उजाडावे लागले. म्हणजे १९१७ च्या तरुणांनी ज्या प्रतिष्ठेची आस धरली, ती कायद्याच्या पुस्तकात येण्यास ५५ वर्षे गेली. त्यांच्यातील कित्येकांनी तोवर हे जग सोडले असेल. त्यांची संस्था आज देशभर पसरली आहे. तोफा चालू असताना आणि बांधकामे थबकलेली असताना ज्यांनी तिचा पाया घातला, त्यांची आठवण वास्तुकलेच्या आजच्या विद्यार्थ्यांनी तरी ठेवावी, एवढेच मागणे.