स्कीइंगला कधी जावं? बर्फाच्या हिशोबाची गोष्ट

थंडी पडायला लागली की आपल्याकडून एक प्रश्न हमखास येतो, ‘स्कीइंगला नेमकं कधी जावं?’ मी चंदीगडच्या सेक्टर 39 मध्ये राहतो, इथूनच पुढे नारकंडा-मनालीची वाट, म्हणून मला तो जरा जास्तच विचारला जातो. उत्तर सोपं आहे : जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारी संपेपर्यंत. पण बर्फाचा हिशोब ठेवण्याची सुरुवात खेळासाठी झाली नव्हती. तिचा धागा थेट आपल्या दख्खनच्या दुष्काळाशी जुळतो.

आमच्या या सेक्टरमध्ये भारतीय हवामान विभागाचं केंद्र आहे. हिवाळ्यात इथलं लक्ष पश्चिमी झंझावातांवर असतं. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या प्रणाली डिसेंबर ते मार्च उत्तर भारतावरून जातात. सपाटीवर त्या गव्हाला पाऊस देतात आणि वर डोंगरात बर्फ. म्हणून जानेवारीत चंदीगडला पाऊस लागला की बहुतेक वेळा वर पांढरं झालेलं असतं.

हवामान विभाग 1875 मध्ये सुरू झाला. लगेच 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ आला, आणि दख्खन होरपळलं. पुढचा पाऊस आधी ओळखता येईल का, हा प्रश्न विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी आडाखा बांधला, की हिमालयात बर्फ जास्त पडला तर पुढचा मान्सून कमजोर राहतो. 1886 मध्ये मान्सूनचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज निघाला, त्यामागे हाच विचार होता. म्हणजे गुलमर्गच्या उतारावरचा बर्फ आधी सोलापूर-अहमदनगरच्या शेतासाठी महत्त्वाचा ठरला! विभागाचं मुख्यालय पुढे शिमल्याला होतं. 1928 मध्ये ते पुण्याला आलं आणि पुणेकरांनी त्या इमारतीला नाव दिलं ‘सिमला ऑफिस’. शिवाजीनगरच्या चौकाला आजही तेच नाव आहे.

साधारण त्याच सुमारास, 1927 मध्ये, ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गुलमर्गला स्की क्लब काढला. 1948 मध्ये तिथेच आपल्या लष्कराची स्की शाळा उभी राहिली. खेळाआधी तिथे सीमेची गरज होती.

काश्मिरी माणसाला मात्र बर्फाचं पंचांग कधीपासूनच पाठ होतं. 21 डिसेंबरपासून 40 दिवस ‘चिल्लई कलान’, मग 20 दिवस ‘चिल्लई खुर्द’, शेवटी 10 दिवस ‘चिल्लई बच्चा’. पहिल्या 40 दिवसांत पडलेला बर्फ कडाक्याच्या थंडीने गोठतो, टिकतो. त्यावर फेब्रुवारीत नवा थर बसतो, दिवसही थोडा मोठा होतो. म्हणून स्कीइंगला फेब्रुवारी उत्तम.

पण हे पंचांग आता डळमळतंय. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार बरेच दिवस उघडे होते. 2025 मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. उशिरा पडलेला बर्फ लवकर वितळतो. घोडेवाले, स्की शिकवणारे, हॉटेलवाले यांचा हंगाम बुडतो, आणि उन्हाळ्यात सतलज-बियासला मिळणारं बर्फाचं पाणीही कमी होतं.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जोरदार बर्फ पडल्यानंतरचे दिवस हिमस्खलनाचे असतात. 8 फेब्रुवारी 2010 रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला हिमस्खलनात लष्कराचे 17 जवान गेले. ते बर्फात वावरण्याचंच प्रशिक्षण घेत होते.

म्हणून माझा सल्ला असा : फेब्रुवारी धरा, पण रद्द करता येईल असंच बुकिंग करा. निघण्याआधी हवामान विभागाचा अंदाज आणि हिमस्खलनाचा इशारा, दोन्ही बघा. स्थानिक माणूस ‘आज वर जाऊ नका’ म्हणाला, तर खाली बसून गरम कहवा प्या. उतार उद्याही तिथेच असणार आहे.