मातीकाम (शालेय)

इयत्ता सहावी ते आठवीच्या मुलांना चिकणमातीच्या वस्तू घडवायला, वाळवायला आणि भाजायला शिकवणारा हस्तकलेचा भाग. महाराष्ट्रात तो बहुधा कार्यानुभवाच्या तासाला येतो. पोळ्याचे बैल आणि दिवाळीतले किल्ले केलेल्या मुलांना माती ओळखीची असते. नवी असते ती भट्टी.

माती कणकेसारखी तिंबली की तिच्यातली हवा निघते, ओल सगळीकडे सारखी होते. मग अंगठ्याने दाबत केलेली वाटी, वळ्या चढवत उभे केलेले भांडे, लाटलेल्या पोळीची पेटी. या वयाला एवढे पुरते. चाळीस मुलांत एक चाक ठेवले तर एकोणचाळीस जण नुसते बघत बसतात.

काम फसते ते जोडावर. कपाला नुसता चिकटवलेला कान वाळताना गळून पडतो. दोन्हीकडे काट्याने आडवेउभे ओरखडे काढावेत, मध्ये दह्याइतकी पातळ माती लावावी आणि कान किंचित हलवत दाबून बसवावा. वाळताना माती आक्रसते, म्हणून कप आणि कान सारख्याच ओलीचे हवेत.

वस्तू भट्टीत फुटली की खापर हवेच्या बुडबुड्यावर फुटते. खरे कारण बहुधा जाड भिंतीत उरलेली ओल असते. १०० अंश सेल्सिअसला तिची वाफ होते आणि वाट न मिळाल्यास तुकडे उडवते. म्हणून भिंत सेंटिमीटरभरापेक्षा जाड नसावी, वाळवण सावलीत सावकाश व्हावे, पहिली आच मंद असावी. सुमारे ६०० अंशांपर्यंत मातीच्या कणांत रासायनिक बंधाने अडकलेले पाणीही निघून जाते आणि मग ती पुन्हा चिखल होत नाही. एक वाळकी आणि एक भाजलेली वाटी बादलीत टाकावी: पहिली बघता बघता विरते, दुसरी तशीच राहते. पुस्तकातला अपरिवर्तनीय बदल मुलांना असा हातात धरता येतो. शाडूच्या गणपतीला विरायचेच असते, पण वर्षभराचे मातीकाम वाळवण्यावरच थांबवणारी शाळा अर्धेच शिकवते.

शाळेत विजेची भट्टी नसली तरी अडत नाही. जवळच्या कुंभाराला विचारून त्याच्या आव्यात मुलांच्या वस्तू लावता येतात. मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आहे; चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघ कुंभारकामाच्या प्रशिक्षणासाठी ओळखला जातो.

तास संपल्यावर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. वाळक्या मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते. हात बादलीत धुवावेत. तळाशी बसलेला गाळ पुढच्या तासाला जोडासाठी कामी येतो.