शुहूर, फसली आणि हिजरी : सनांच्या रूपांतराचे नियम व त्यांचा पडताळा

मराठेशाहीच्या पत्रांत सालाचा उल्लेख अनेकदा अरबी शब्दांत असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. शब्द अरबी असल्यामुळे हा हिजरी सन असावा असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तो शुहूर सन होय. हिजरी ११६१ म्हणजे इ. स. १७४८, तर शुहूर ११६१ म्हणजे इ. स. १७६०-६१. एका समजुतीने पानिपतचे पत्र बारा-तेरा वर्षे मागे जाते.

याचे कारण गणिती आहे. हिजरी वर्ष चांद्र, सरासरी सुमारे ३५४.३७ दिवसांचे. शेतसारा मात्र पिकांवर, म्हणजे सौर ऋतूंवर अवलंबून. म्हणून हिजरी ७४५ (इ. स. १३४४) या वर्षाचा आकडा तसाच ठेवून पुढे वर्षे सौरमानाने मोजली गेली, हाच शुहूर सन. मुहम्मद बिन तुघलकाच्या काळात तो सुरू झाला असे मानले जाते. शहाजहानच्या काळात हिजरी १०४६ (इ. स. १६३६) पासून दक्षिणेत फसली सनही असाच निघाला.

म्हणजे या सनांच्या आरंभबिंदूंतूनच हिजरी सनाच्या दोन क्रमित जोड्या हाती येतात : (७४५, १३४४) आणि (१०४६, १६३६). हिजरी ३०१ वर्षांनी वाढले, तेव्हा इसवी फक्त २९२ वर्षांनी. २९२ ला ३०१ ने भागले असता ०.९७०१ हा चढ मिळतो. चांद्र वर्षाला सौर वर्षाने भागून येणारा ०.९७०२ हा चढ त्याला जवळजवळ जुळतो. हिजरीतून ७४५ वजा करून बाकीला ०.९७०१ ने गुणावे व १३४४ मिळवावेत, हा नियम झाला.

मात्र दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते. त्यात नियमाची परीक्षा होत नाही. परीक्षा तिसऱ्या जोडीने होते. अकबर हिजरी ९६३ मध्ये गादीवर आला. २१८ गुणिले ०.९७०१ म्हणजे २११.५, बेरीज १५५५.५. ते हिजरी वर्ष नोव्हेंबर १५५५ मध्ये सुरू झाले आणि राज्यारोहण फेब्रुवारी १५५६ मधले. हिजरी ११७४ साठी उत्तर १७६०.२ येते. ते वर्ष ऑगस्ट १७६० मध्ये सुरू झाले व पानिपतची लढाई त्यातच, १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. काही महिन्यांची तूट राहते. नेमक्या तारखेला जंत्रीच हवी.

शुहूर व फसली यांचा चढ एकच, म्हणून तेथे गुणाकार नको. शुहूरमध्ये मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावेत. दक्षिणी फसलीत ५९० व ५९१. शुहूर व हिजरी या दोन रेषा ७४५ पाशी छेदतात. त्यामुळे त्या काळच्या कागदावरून सन ओळखणे कठीण. जसजसे पुढे जावे तसतसा फरक दर ३३ वर्षांनी सुमारे एकाने वाढतो.

पडताळ्याची घटनाही विचारपूर्वक निवडावी लागते. पत्रात अब्दालीचे नाव आहे एवढ्यावर विसंबणे धोक्याचे, कारण १७४८ च्या आरंभी, म्हणजे हिजरी ११६१ मध्येच, त्याची पहिली स्वारी झाली होती. चुकीचा नियमही तेथे बरोबर ठरल्यासारखा दिसतो! उत्तरेतील फौजेचे सरदार म्हणून सदाशिवरावभाऊंचा उल्लेख असेल, तर मात्र १७४८ टिकत नाही.

हैदराबाद संस्थानच्या दप्तरात आणखी एक पेच आहे. तेथे फसली वर्ष पुढे मृगाऐवजी ऑक्टोबरमध्ये, आझूर महिन्यापासून धरले जाऊ लागले. म्हणून सप्टेंबर १९४८ तेथे १३५७ फसलीत पडतो; मृगसालाने मोजल्यास तोच महिना १३५८ मध्ये जातो.