घंटा, चुना आणि कार्बोलिक

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. भरतीचे दिवस वाटून दिलेले असत. तरीही पहिल्या विभागात प्रसूतिज्वराने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असे, आणि हे शहरातील गोरगरिबांनाही ठाऊक होते. पहिल्या विभागात जायची वेळ आली की बायका हात जोडून रडत.

१८४६ साली तेथे साहाय्यक म्हणून आलेल्या इग्नाझ सेमेलवाइस या तरुण हंगेरियन डॉक्टरांनी या फरकाचे कारण शोधायला सुरुवात केली. त्यांनी तपासलेल्या कारणांपैकी एक आपल्या वाचकांना विशेष वाटेल. मरणोन्मुख स्त्रीला अखेरचा संस्कार देण्यासाठी धर्मगुरू येत, तेव्हा त्यांच्यापुढे सेवक घंटा वाजवीत चाले. दुसऱ्या विभागात ते थेट आजारी स्त्रीच्या खोलीत पोहोचत. पहिल्यात मात्र त्यांना आधीच्या पाच खोल्या ओलांडाव्या लागत. त्या नादाने बाकीच्या बायकांच्या काळजात धस्स होत असेल, भीतीनेच ज्वर चढत असेल, असा सेमेलवाइस यांचा तर्क होता. घंटा ऐकून आपलेही मन विचित्र होई, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांच्या विनंतीवरून धर्मगुरूंनी वाट बदलली, घंटाही थांबवली. मृत्यू मात्र थांबले नाहीत. विनंती मान्य करणाऱ्या त्या धर्मगुरूंचे आम्हाला कौतुक वाटते. नंतर सेमेलवाइस यांच्या शास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी तितकाही मोकळेपणा दाखवला नाही.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे मित्र प्राध्यापक याकोब कोलेट्श्का शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून वारले. त्यांच्या देहात दिसलेली लक्षणे बाळंतिणींच्या लक्षणांशी जुळत होती. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलावरून सरळ बाळंतिणीकडे येत, सुईणी येत नसत. कोडे उलगडले. हातांना चिकटून राहणारा प्रेताचा वास साबणाने जात नसे, तो क्लोरीनने जाई. एवढ्याच आधारावर सेमेलवाइस यांनी मे महिन्यात दारात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याचे भांडे ठेवले. हा चुना म्हणजे आपण पावसाळ्यात विहिरीत टाकतो तीच ब्लीचिंग पावडर. एप्रिलमध्ये शंभरांत १८ स्त्रिया दगावल्या होत्या. जूनमध्ये सुमारे २.

जंतूंची कल्पना त्या काळी रुळलेली नव्हती. औषध हाती आले, पण ते कशावर चालते हे कोणाला सांगता येईना. म्हणूनच पुष्कळांनी ते नाकारले. १३ ऑगस्ट १८६५ रोजी सेमेलवाइस व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात जंतुदोषानेच मरण पावले. त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, ग्लासगोमध्ये गाडीचे चाक पायावरून गेलेल्या जेम्स ग्रीनलीस या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली होती. लिस्टर यांनी पाश्चर यांचे लेखन वाचले होते, आणि कार्लाइल गावच्या सांडपाण्यावर कार्बोलिकचा प्रयोग झाल्याचेही त्यांना कळले होते. मुलाचा पाय वाचला.

हे द्रव्य जंतूचे नेमके करते काय? अंडे उकडताना आपण ते रोज पाहतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठराविक रीतीने दुमडलेली असते, आणि त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. घडी उलगडली की साखळ्या एकमेकींत गुंतून गोळा होतात. अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो तो असा. कार्बोलिक कमी प्रमाणात असले तर जंतूचे बाह्य आवरण गळके होते. प्रमाण वाढले की आतली प्रथिने साकळतात. क्लोरीन प्रथिनातील गंधकयुक्त भागांवर आघात करून घडी मोडते. २००८ साली मिशिगन विद्यापीठातील उर्सुला याकोब व सहकाऱ्यांनी दाखवले की जंतूंपाशी यावर प्रतिकारही असतो: मोडू लागलेल्या प्रथिनांना सावरणारे एक प्रथिन क्लोरीनच्या स्पर्शानेच जागे होते.

उलगडण्याचा हा विचार प्रथम स्पष्टपणे मांडला तो पेकिंगच्या वू श्येन यांनी, १९३१ मध्ये. त्याची पूर्वतयारी लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक यांनी केली होती. एका स्त्रीला नेमू नका, अशी गळ दोघा सहकाऱ्यांनी संचालकांना घातली होती. संचालक चार्ल्स मार्टिन यांनी ती ऐकली नाही. १९०८ मध्ये चिक यांनी निर्जंतुकीकरणाचे गणित मांडले: ठराविक वेळात जिवंत जंतूंचा ठराविक हिस्सा मरतो. पुढे १९१० पासून त्या दोघांनी उष्णतेने प्रथिने कशी साकळतात हे अभ्यासले.

पाऱ्याच्या क्लोराइडची कथा मात्र फसवी आहे. कॉख यांनी १८८१ मध्ये ते अत्यंत प्रभावी ठरवले होते. १८८९ मध्ये गेपर्ट यांनी पाऱ्याने 'मेलेल्या' काळपुळीच्या बीजाणूंवर अमोनियम सल्फाइड टाकले. गंधकाने पारा ओढून घेतला आणि बीजाणू पुन्हा वाढू लागले! प्रथिने साकळली नव्हती, पाऱ्याने नुसती जखडली गेली होती.

तरीही सप्टेंबर १८९६ मध्ये गोव्याचे सुपुत्र डॉ. आकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, तेव्हा मुंबईच्या घरांच्या भिंतींवर हेच पाऱ्याचे पाणी फवारले गेले, गटारांत कार्बोलिक ओतले गेले. लोकांच्या चीजवस्तू जाळल्या गेल्या, रोष उसळला. जंतू तर उंदरांच्या अंगावरील पिसवांच्या पोटात सुरक्षित होता. तेथवर ना कार्बोलिक पोहोचत होते, ना पारा. पिसवांचा हा पुरावा १९०५ नंतर मुंबईतच काम करणाऱ्या प्लेग आयोगाने गोळा केला. तो छापला गेला 'जर्नल ऑफ हायजीन' या नियतकालिकात, ज्यात चिक यांचा १९०८ चा निबंधही आला.