टॉमी लॉटन : वीस हजार पौंडांचा खेळाडू

१९४७ च्या नोव्हेंबर महिन्यांत इंग्लंडमध्यें एक व्यवहार झाला आणि फुटबॉलच्या शौकिनांना तो कांहीं केल्या उमगेना. चेल्सी हा लंडनचा पहिल्या श्रेणींतील संघ. त्याचा सेंटर फॉरवर्ड टॉमी लॉटन हा त्या वेळीं इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचाहि सेंटर फॉरवर्ड होता. प्रतिपक्षाच्या गोलच्या तोंडाशीं राहून चेंडू आंत घालणें हें त्याचें काम, आणि त्या कामांत त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. वय अठ्ठावीस, म्हणजे ऐन उमेदीचें. असा खेळाडू चेल्सीनें विकला. आणि विकत घेतला कोणीं? तर नॉटिंगहॅम शहरांतील नॉट्स कौंटी या, तिसऱ्या श्रेणींत दिवस कंठणाऱ्या संघानें! किंमत वीस हजार पौंड. ब्रिटनमध्यें तोंपर्यंत कोणत्याहि फुटबॉल खेळाडूसाठीं एवढी रक्कम मोजली गेली नव्हती. या हिशेबांत रोख पैशाच्या जोडीला बिल डिक्सन हा नॉट्स कौंटीचा एक खेळाडूहि धरलेला होता. आपल्याकडील दाखला द्यावयाचा तर, कसोटी सामन्यांत पहिल्या जोडीनें फलंदाजीस जाणाऱ्या गड्यानें एखाद्या तालुक्याच्या गांवच्या क्लबांत जाऊन खेळावें, तसला हा प्रकार.

या कोड्याचा उलगडा व्हावयाचा तर त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलमधील दोन नियम ध्यानांत घेतले पाहिजेत. पहिला नियम वेतनाचा. धंदेवाईक खेळाडूस आठवड्याला जास्तींत जास्त किती पगार द्यावा, याची मर्यादा ठरलेली होती. १९०१ सालीं ती चार पौंड होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान बराच काळ आठ पौंड, आणि १९४७ सालीं बारा पौंड. हे बारा पौंडहि खेळाचा हंगाम चालू असेपर्यंतच; उन्हाळ्यांत दहा. दुसरा नियम नोंदणीचा. खेळाडूचें नांव एकदां क्लबच्या दफ्तरीं नोंदलें गेलें, कीं करार संपला तरी त्या क्लबनें मोकळें केल्याशिवाय त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबांत पाऊल टाकतां येत नसे. क्लब एकमेकांना जी किंमत देत, ती या नोंदणीची. तिला मात्र कसलीच मर्यादा नव्हती. खेळाडूला सही करतांना दहा पौंड मिळत. आठवड्याला बारा पौंड या दरानें वीस हजार पौंड मिळवावयास लॉटनला बत्तीस वर्षें, तींहि बाराहि महिने पूर्ण पगार धरून, खेळावें लागलें असतें. तेजीमंदी होती ती खेळाडूच्या किंमतीला. त्याच्या पगाराला नव्हे.

आणि म्हणूनच पगाराच्या दृष्टीनें पहिली श्रेणी काय किंवा तिसरी श्रेणी काय, मोठ्या खेळाडूला दोन्ही सारख्याच होत्या. बारा पौंड चेल्सीहि देई, बारा पौंड नॉट्स कौंटीहि देऊं शके. मग निवड करावयाची ती इतर गोष्टींवर. लॉटनचें चेल्सीच्या व्यवस्थापकांशीं बिनसलें होतें. पूर्वीं चेल्सीच्या खेळाडूंचें अंग मर्दन करणारा आर्थर स्टॉलरी हा त्याचा स्नेही नुकताच नॉट्स कौंटीचा मॅनेजर झाला होता. खेळ संपल्यावर फुटबॉलबाहेर कांहीं नोकरी मिळेल, अशी आशाहि त्याला दाखविण्यांत आली होती, असें सांगतात. लोक म्हणाले, लॉटन खालीं गेला. परंतु ज्या माणसाला वर जाण्याचा मोबदला मिळत नाहीं, त्यानें स्नेह्याच्या शब्दावर खालीं जाणें यांत नवल तें कोणतें?

लॉटनचा जन्म ६ ऑक्टोबर १९१९ रोजीं लँकेशायर परगण्यांत बोल्टनजवळ फार्नवर्थ येथें झाला. मुंबईच्या गिरण्यांना ज्या मुलखाच्या कापडाशीं वर्षानुवर्षें टक्कर द्यावी लागली, तोच हा मुलूख. त्याचें बालपण बोल्टनला आईच्या माहेरीं, आजोबांच्या घरीं गेलें. सतरावें वर्ष संपण्यापूर्वींच, म्हणजे मार्च १९३६ मध्यें, तो बर्नली संघातर्फें दुसऱ्या श्रेणींत डॉन्कॅस्टरविरुद्ध खेळला, तोहि हौशी खेळाडू म्हणून. धंदेवाईक होण्यास सतरा वर्षें पुरीं व्हावीं लागत. सतराव्या वाढदिवशीं त्यानें सही केली आणि चारच दिवसांनीं टॉटनहॅमविरुद्ध एका सामन्यांत तीन गोल केले. वर्ष संपतां संपतां लिव्हरपूल येथील एव्हर्टन संघानें साडेसहा हजार पौंडांना त्याची खरेदी केली. एवढ्या कोवळ्या मुलासाठीं एवढी किंमत ही त्या काळीं नवलाईच होती.

एव्हर्टनमध्यें तेव्हां डिक्सी डीनचें राज्य होतें. १९२७-२८ च्या एका हंगामांत पहिल्या श्रेणींत साठ गोल करण्याचा त्याचा विक्रम इंग्लंडमध्यें पुढें कोणालाहि मोडतां आलेला नाहीं. लॉटन प्रथम एव्हर्टनच्या मैदानाकडे निघाला असतां ट्रामच्या कंडक्टरनेंच त्याला ओळखून, डीनची सर तुला कधींच यावयाची नाहीं, असें तोंडावर बजावलें, अशी गोष्ट सांगतात. वुल्व्हज संघाविरुद्धचा त्याचा पहिला सामनाहि एव्हर्टननें सात विरुद्ध दोन असा गमावला. डीननें मात्र मत्सर केला नाहीं. आपली जागा घ्यावयास आलेल्या या पोराला त्यानें हाताशीं धरलें. टांगलेल्या चेंडूवर उडी केव्हां घ्यावी, कपाळ कोठें लागावें, हें त्याच्याकडून घोटून घेतलें. डोक्यानें चेंडू मारण्यांत लॉटनची जी ख्याति झाली, तींत या धड्यांचा वांटा मोठा आहे. १९३८ च्या मार्चमध्यें डीनलाच एव्हर्टन सोडून जावें लागलें, आणि तोहि गेला तो नॉट्स कौंटीलाच. १९३७-३८ मध्यें लॉटननें लीगमध्यें अठ्ठावीस गोल करून सर्वांवर ताण केली. पुढच्या हंगामांत तिसाहून अधिक गोल केले आणि एव्हर्टननें लीगचें अजिंक्यपद मिळविलें. मध्यंतरीं १९३८ च्या ऑक्टोबरमध्यें इंग्लंडच्या संघांतहि त्याची वर्णी लागली होती. वय फक्त एकोणीस.

आणि मग युद्ध आलें. वीस ते सव्वीस हीं खेळाडूच्या आयुष्यांतील सोन्यासारखीं वर्षें लॉटनची सैन्यांत शारीरिक शिक्षण देण्यांत गेलीं. खेळ बंद पडला नव्हता. पण ज्यांची अधिकृत गणना होत नाहीं असे सामने त्याच्या वांट्यास आले. १९४० च्या नाताळच्या दिवशीं तर तो सकाळीं एव्हर्टनतर्फें लिव्हरपूलविरुद्ध खेळला आणि दुपारीं खेळाडू कमी पडल्यामुळें ट्रॅन्मियर संघातर्फें क्रू येथें उतरला! १९४३ च्या ऑक्टोबरमध्यें मँचेस्टरला इंग्लंडनें स्कॉटलंडचा आठ विरुद्ध शून्य असा फडशा पाडला. त्यांत लॉटनचे चार गोल होते. त्या दिवशीं डाव्या बगलेवर खेळलेला डेनिस कॉम्प्टन मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाचा. लष्करी नोकरीच्या निमित्तानें तो महू येथें आला आणि १९४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत ब्रेबोर्न स्टेडियमवर होळकर संघातर्फें नाबाद २४९ धावा काढून गेला. युद्धकाळांतील हे सारे आंतरराष्ट्रीय गोल दफ्तरांतून वगळले, तरीहि लॉटनच्या नांवावर इंग्लंडतर्फें तेवीस सामन्यांत बावीस गोल उरतात.

युद्ध संपतांच, १९४५ च्या नोव्हेंबरमध्यें, एव्हर्टननें त्याला चेल्सीला दिलें. किंमत अकरा हजार पौंडांहून अधिक. त्यानंतर लवकरच रशियाचा डायनॅमो मॉस्को संघ लंडनला आला. रशियन खेळाडू हातांत पुष्पगुच्छ घेऊन मैदानांत उतरले तेव्हां चेल्सीचे खेळाडू गोंधळून गेले. तिकिटांच्या हिशेबानें चौऱ्याहत्तर हजार लोक आले होते. परंतु भिंती चढून, छपरांवर बसून, कुत्र्यांच्या शर्यतीच्या मार्गावर दाटी करून ज्यांनीं सामना पाहिला, त्यांची मोजदाद कोण करणार? दोन गोलांची आघाडी निसटून बरोबरी झाल्यावर लॉटननें डोक्यानें तिसरा गोल केला. रशियनांनीं तोहि फेडला आणि सामना तीन-तीन असा सुटला. १९४७ च्या मे महिन्यांत लिस्बन येथें पोर्तुगालविरुद्ध इंग्लंडनें दहा गोल केले. त्यांतील चार लॉटनचे, आणि पहिला तर सामना सुरू होऊन पुरतीं वीस सेकंदेंहि झालीं नव्हतीं तोंच! याच माणसाला सहा महिन्यांनीं तिसऱ्या श्रेणींत जावें लागलें.

नॉट्स कौंटीचा सौदा मात्र फसला नाहीं. लॉटनला पाहण्यासाठीं लोक लोटूं लागले. रिकाम्या राहणाऱ्या पायऱ्या भरल्या, आणि किंमत दरवाजावरच वसूल झाली म्हटल्यास चुकीचें होणार नाहीं. १९४९-५० मध्यें त्यानें लीगमध्यें एकतीस गोल केले. एप्रिल १९५० मध्यें आपल्याच शहरांतील नॉटिंगहॅम फॉरेस्टला पंचेचाळीस हजारांवर प्रेक्षकांसमोर दोन विरुद्ध शून्य असें हरवून संघानें दुसऱ्या श्रेणींत पाऊल टाकलें. लॉटनच्या शेजारीं खेळून तयार झालेला जॅकी स्यूएल हा तरुण १९५१ सालीं शेफील्ड वेन्सडे संघाला साडेचौतीस हजार पौंडांना विकला गेला.  इंग्लंडच्या निवड करणाऱ्यांनीं मात्र तिसऱ्या श्रेणींतील या खेळाडूला आणखी चारच सामने दिले. त्यांपैकीं इटलीविरुद्ध ट्यूरिनला त्यानें गोलहि केला. १९४८ च्या सप्टेंबरमध्यें कोपनहेगनला डेन्मार्कविरुद्धचा सामना गोलशून्य राहिला आणि तोच त्याचा शेवटचा ठरला. तेव्हां त्याला एकोणतिसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. या कामीं निवड करणाऱ्यांनीं पायांकडे न पाहतां पत्त्याकडे पाहिलें, हा आक्षेप सहजासहजीं खोडून काढण्यासारखा नाहीं.

पुढील मुक्काम थोडक्यांत सांगतां येतात. १९५२ मध्यें सोळा हजार पौंडांना ब्रेंटफर्ड. तेथें कांहीं काळ खेळाडू आणि मॅनेजर अशी दुहेरी जबाबदारी. १९५३ मध्यें, चौतिशीच्या उंबरठ्यावर, लंडनचा मातबर आर्सेनल संघ. १९५६ मध्यें केटरिंग. तेथें त्यानें सदर्न लीगचें अजिंक्यपद मिळवून दिलें. त्याच्या जोरावर नॉट्स कौंटीनें त्याला मॅनेजर म्हणून परत बोलाविलें. परंतु १९५८ सालीं संघ तिसऱ्या श्रेणींत घसरला आणि त्याचें पद गेलें. लीगमध्यें सहा क्लबांकडून ३९० सामने व २३१ गोल, एवढी जमा त्याच्या नांवावर होती. गांठीं पैसा मात्र फारसा नव्हता.

१९६१ सालीं वेतनाची मर्यादा उठली. फुलम संघाचा जॉनी हेन्स आठवड्याला शंभर पौंड घेऊं लागला. १९६३ सालीं जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यांत न्यायालयानें नोंदणीच्या नियमालाहि धक्का दिला. लॉटन तेव्हां चाळिशी ओलांडून गेला होता. त्यानें दारूचा गुत्ता चालवून पाहिला. तो चालला नाहीं. कर्जें वाढत गेलीं. १९७२ मध्यें आणि पुन्हां १९७४ मध्यें फसवणुकीनें माल मिळविल्याच्या आरोपावरून त्याला न्यायालयासमोर उभें राहावें लागलें; तुरुंग टळला, दुसऱ्या खेपेस समाजसेवेची शिक्षा झाली. १९७२ सालींच एव्हर्टनच्या मैदानावर त्याच्या मदतीसाठीं एक सामना खेळविण्यांत आला. त्याच्या किंमतीचा मोठा हिस्सा ज्या क्लबांच्या तिजोरींत गेला, त्यांच्यापैकीं एकाच्या मैदानावर झोळी फिरवावी लागावी, हें ऐकतांना कोणासहि अवघड वाटेल. पुढें नॉटिंगहॅमच्या एका दैनिकानें त्याला फुटबॉलवर स्तंभ लिहिण्याचें काम दिलें आणि उतारवयांत त्याचे दिवस कांहींसे सुसह्य झाले.

६ नोव्हेंबर १९९६ रोजीं, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षीं, नॉटिंगहॅम येथें टॉमी लॉटन निवर्तला. त्याची रक्षा इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या स्वाधीन करण्यांत आली.